सत्तावीस किटल्या आणि एक रिकामा चौकोन

धसकीला किटल्या आवडल्या त्या एकाच कारणाने: किटली स्टुलावरून उडी मारत नाही. ठेवली तिथे राहते. नाकात मणी घालत नाही, विजेच्या बटणाकडे रांगत जात नाही, आणि आपण नुसती पाठ फिरवली म्हणून घसा फोडून रडत नाही. स्टुडिओतल्या पांढऱ्या टेबलापुढे उभं राहून, सुती हातमोजे चढवून तिने पहिली किटली उचलली, तेव्हा अडीच वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे कानांपासून खाली आले.

अडीच वर्षं म्हणजे तिच्या लेकीचं, ठकीचं वय. धसकी हे अर्थातच घरातलं नाव. लहानपणी थोरल्या भावाने ठेवलं आणि लग्नानंतर बॅगांबरोबर ते सासरीही येऊन पोचलं. दार वाजलं की तिला धसका, फोन वाजला की धसका, आणि फोन बराच वेळ वाजला नाही तर त्याहून मोठा धसका. ठकी चालायला लागल्यावर तिने घरातल्या एकूण एक कोपऱ्याला स्पंज चिकटवला. टेबल, खाट, कपाट, खिडकीची चौकट. सासूबाई एकदा पाय पुढे करून म्हणाल्या, "उरला असेल तर माझ्या गुडघ्यांनाही लाव गं."

अशा बाईने फोटोग्राफीच्या कॉलेजात नाव घातलं याचं सगळ्यांना नवल वाटलं, सगळ्यात जास्त तिला स्वतःला. वर्गातली पोरं तिच्याहून आठ-आठ वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला 'मावशी' करून टाकलं, कारण सेफ्टी पिन, रुमाल, डोकेदुखीची गोळी, ओले टिश्यू, काय मागाल ते तिच्या पिशवीतून निघायचं. पण फोटो ती बरे काढायची. पहिलं वर्ष संपत आलं आणि शाखा निवडायची वेळ आली.

शाखा चार: बातमी, इमारती, मुलं, वस्तू. एका शाखेपुढे खूण करायची आणि फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खिडकीवर द्यायचा. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'एकदा केलेली निवड दोन वर्षे बदलता येणार नाही.' हे वाक्य धसकी दिवसातून चारदा वाचायची, आणि चारही वेळा फॉर्म परत पिशवीत टाकायची. फॉर्मसोबत कामाची वही जोडायची होती, दोन ठिकाणी चाळीस-चाळीस तास काम केल्याच्या सह्यांसकट. आणि फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन होता: 'अर्जदाराचा अलीकडचा फोटो'.

हा चौकोन तिला सगळ्यात सोपा वाटला, म्हणून तोच राहून गेला. घरात सहा हजार फोटो होते. पण ठकी झाल्यापासून त्यांत धसकी म्हणजे ठकीला धरलेला एक हात, चौकटीच्या कडेला अर्धं कोपर, किंवा गवतावर पडलेली लांबुळकी सावली. सावली चिकटवून चालणार नव्हतं.

बातमीत धावावं लागतं, गर्दीत शिरावं लागतं. ती शाखा तिने वाचता वाचताच ओलांडली. इमारतींसाठी गच्चीच्या कठड्यावर ओणवं व्हावं लागतं, आणि धसकी तर दुसऱ्या मजल्यावरचे कपडेसुद्धा डोळे मिटून काढायची. उरली मुलं आणि वस्तू. म्हणून दोन ठिकाणच्या कामासाठी तिने त्याच दोन शाखा निवडल्या.

पहिलं काम फुगेताईंकडे. ही बाई बालवाड्यांमधून मुलांचे फोटो काढत फिरायची. एप्रनच्या एका खिशात फुगे, दुसऱ्यात फुगे भरायचा पंप, आणि आवाज असा की झोपलेलं मूलही हसत उठावं. त्यांनी पहिल्या तासाला धसकीला सांगितलं, "हे बघ, कॅमेऱ्यामागे लपायचं नाही. मुलाला यंत्र दिसलं की ते रडतं, चेहरा दिसला की हसतं. कॅमेरा स्टँडवर, वायरचं बटण हातात, आणि तोंड कॅमेऱ्याच्या वर. बटण दाबताना जीभ काढ, डोळे फिरव, भॉक कर, माकड हो. लाज घरी ठेवून ये."

धसकी लाज घरी ठेवून गेली, पण धसका बरोबर घेऊन गेली. चाळीस तासांत तिने दीडशे मुलांपुढे जीभ काढली, दीडशे वेळा "भॉक!" केलं, आणि फोटोसाठी बसवलेल्या स्टुलावरून पडत असलेली तीन मुलं धावत जाऊन झेलली. त्यातली दोन पडतच नव्हती. एक तर नुसतं शिंकत होतं. रोज घरी आली की तिचं हृदय तासभर धडधडायचं, आणि रात्री स्वप्नात स्टुलं यायची. शेवटच्या दिवशी फुगेताईंनी वहीत अर्धं पान शेरा लिहिला. धसकीने ते पान वाचायच्या आधीच दुमडून पिन लावून टाकलं. तीन झेलांनंतर काय लिहिलं असणार ते तिला ठाऊक होतं.

तेव्हाच तिने मनाशी ठरवलं: वस्तू. फक्त वस्तू. आता मास्तरांची सही मिळाली की सुटले.

मास्तर म्हणजे वस्तूंचे फोटो काढणारे फोटोग्राफर. वर्षानुवर्षं त्यांनी बाटल्या, बूट, कुलपं आणि पंखे यांच्याच संगतीत काढली होती, त्यामुळे बोलायची सवय गेली होती. दिवसाला वीस-बावीस शब्द. त्यांच्याकडे भांड्यांच्या एका कारखान्याच्या सत्तावीस किटल्या कॅटलॉगसाठी आल्या होत्या. चकचकीत स्टीलच्या, मुठीएवढीपासून घागरीएवढीपर्यंत.

"स्टील सगळं बघतं," मास्तर म्हणाले. "म्हणून तंबू."

तंबू म्हणजे पांढऱ्या कापडाची टेबलावर मावणारी राहुटी. किटली तिच्या आत ठेवायची, उजेड बाहेरून कापडावर सोडायचा, आणि पुढच्या पडद्यातल्या फटीतून फक्त लेन्स आत घालायची. मग किटलीत पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नाही. हे सगळं त्यांनी आधीचे चार दिवस बाटल्यांवर करून दाखवलं. गुरुवारी दुपारी मात्र त्यांची दाढ इतकी ठणकायला लागली की ते गाल धरून उठले.

"जातो. उपटून येतो. तू कर."

"मी एकटी? सत्तावीसच्या सत्तावीस?"

मास्तरांनी दाराकडे जाता जाता किटल्यांवरून एक नजर फिरवली. "कुठे जातायत त्या?" म्हणाले आणि गेले.

खरंच की! कुठे जातायत! धसकीला आनंदाने शीळ घालावीशी वाटली. तिने एकेक किटली पुसली, हवेच्या पिचकारीने धूळ उडवली, दांडा डावीकडे, तोटी उजवीकडे, खट्‌. दुसरी. खट्‌. तिसरी. किटल्या शहाण्या मुलींसारख्या ओळीने आल्या आणि गेल्या. एकोणिसाव्या किटलीच्या वेळी सासूबाईंचा फोन आला. फोन वाजला म्हणून तिने नेहमीप्रमाणे धसका घेतला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "काही नाही गं, ठकी न रडता झोपली, तेवढं सांगायला केला." धसकीने फोन ठेवला, हसत हसतच बटण दाबलं आणि विसावी घेतली. साडेपाचला सत्तावीस संपल्या. एकही पडली नव्हती. फोटोंची कॉपी घेऊन ती जवळजवळ उड्या मारतच घरी गेली.

घरी पोचल्या पोचल्या तिने कॉम्प्युटर लावला. सासूबाई चष्मा पुसत खुर्ची ओढून बसल्या. ठकी मध्ये घुसली.

"बघा आई, ही पहिली. कसला उजेड आलाय ना?"

"छान गं. अगदी नवी कोरी दिसतेय."

"नवी कोरीच आहे."

ठकीने पडद्यावरच्या किटलीकडे टक लावून पाहिलं. मग तिने आपली जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले आणि म्हणाली, "भॉक!"

"असं नाही करायचं किटलीला," धसकी म्हणाली.

"आई भॉक," ठकीने किटलीच्या पोटावर बोट ठेवलं. "आई."

"किटली आहे ती, सोन्या. कि-ट-ली."

पण सासूबाई पुढे झुकल्या होत्या. इतक्या की त्यांचं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "ते मोठं कर जरा. इथे. ह्या मसुराएवढ्या डागापाशी."

धसकीने डाग मोठा केला. मसूर वाटाण्याएवढा झाला, वाटाणा लिंबाएवढा झाला, आणि लिंबातून एक बाई बाहेर आली. जीभ हनुवटीपर्यंत, डोळे दोन दिशांना, भुवया केसांत.

"ही तू आहेस," सासूबाई म्हणाल्या.

धसकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दुसरी किटली उघडली. गाल फुगवलेली बाई. तिसरी: दात विचकलेली बाई. सातवी: माकड. अकरावी: बहुधा घुबड. फुगेताईंची शिकवण हाडांत भिनली होती. तंबूच्या पडद्याला वरून पिना लावायच्या सोडून तिने तो उघडाच ठेवला होता, कॅमेऱ्यामागे लपायच्या ऐवजी तोंड वर काढून उभी राहिली होती, आणि सत्तावीस शहाण्या, गप्प किटल्यांना हसवायचा मनापासून प्रयत्न केला होता.

"मला कळलंसुद्धा नाही हो," ती म्हणाली. "मी काय… भॉकसुद्धा केलं असेल?"

"केलं असणारच," सासूबाई म्हणाल्या. "ह्या तेराव्या किटलीत तर ऐकू येतंय." आणि मग त्यांना हसू आवरेना. त्या हसल्या म्हणून ठकी हसली, ठकी खुर्चीवर नाचायला लागली, धसकीने तिला झेलायला एक हात लावला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. त्यात रडू किती आणि हसू किती ते तिलाही सांगता आलं नसतं. कामावरून आलेला नवरा दारातच थांबून विचारत होता, "काय झालं? काय झालं?" आणि ठकी त्यालाही भॉक करत होती.

मग हसू ओसरलं आणि उद्याचा शुक्रवार समोर येऊन उभा राहिला. चार वाजता कारखान्याच्या बाई किटल्या आणि फोटो न्यायला येणार. पाच वाजता खिडकी बंद. मास्तरांनी सही दिली नाही तर वही अपुरी, वही अपुरी तर फॉर्म परत, आणि ज्याला फॉर्म परत त्याला उरेल ती शाखा. दरवर्षी उरायची ती इमारती. धसकीला डोळ्यांपुढे दोन वर्षांचे कठडे दिसले.

तिने मास्तरांना फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"ते बोलू शकत नाहीत. टाके आहेत, तोंडात कापूस आहे. एरवीही काही बोलतात असं नाही, पण आता डॉक्टरांनीच सांगितलंय. दोन दिवस बोलायचं नाही, हसायचं नाही. निरोप देऊ का?"

"त्यांना सांगा," धसकी म्हणाली, "किटल्यांमध्ये मी आहे."

पलीकडे फोन बाजूला झाला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मारलेली हाक ऐकू आली: "अहो, किटल्यांमध्ये ती आहे म्हणे!" आणि परत फोनवर: "त्यांनी मान डोलावली."

शुक्रवारी सकाळी मास्तर आले ते डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून. डावा गाल पेरूसारखा सुजलेला. हातात पाकिटांच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल. निरोपाचा अर्थ त्यांनी 'पोरगी अजून कामाला जुंपलीय' असा लावला होता. खूश होते. त्यांनी कागदावर लिहिलं: 'दाखव.'

"सर, आधी ऐका. माझी फार मोठी चूक झालीय. तुम्ही रागवा, पण वहीचं तेवढं…"

'दाखव.'

तिने पहिली किटली उघडली आणि न सांगता डाग मोठा केला. सांगायचं धैर्य नव्हतं.

मास्तरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांचे खांदे हलले. मग खुर्ची हलली. त्यांनी दोन्ही हातांनी गाल धरला, "म्मम्म" असा आवाज काढला आणि घाईघाईने लिहिलं: 'हसवू नकोस. टाके.'

"मी कुठे हसवतेय!"

'पुढची.'

"नको ना सर."

'पुढची!!'

सत्तावीसच्या सत्तावीस पाहिल्या त्यांनी. प्रत्येकीला गाल धरून कळवळत होते आणि प्रत्येकीनंतर 'पुढची' लिहीत होते. फक्त एकोणिसावीला थांबले. तिच्यात माकड नव्हतं, घुबड नव्हतं. नुकताच फोन ठेवलेली एक बाई होती, मान जराशी कललेली, स्वतःशीच हसत असलेली. मास्तरांनी ती नुसती बघितली. 'पुढची' लिहायला त्यांना वेळ लागला.

शेवटी त्यांनी लिहिलं: 'पडदा का उघडा?'

"फुगेताईंनी सांगितलं होतं, कॅमेऱ्यामागे लपायचं नाही म्हणून. मूल रडतं."

मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग लिहिलं: 'किटली रडत नाही.' ते वाचून धसकीलाच असं हसू फुटलं की मास्तर फडकं धरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिथूनच त्यांनी हात वर करून घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा वाजले होते. सहा तास, सत्तावीस किटल्या.

या वेळी पडद्याला वरपासून खालपर्यंत पिना लागल्या. पण सवय ती सवय. पहिल्या किटलीला बटण दाबताना धसकी बंद पडद्याकडे बघून इतक्या जोरात "भॉक!" म्हणाली की स्टँड हादरला आणि किटली धुरकट आली. दुसरीला तिने ओठ गच्च मिटले, तर भॉक नाकातून आलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग उठून त्यांनी पाण्याचा ग्लास आणला, तिच्या हातात दिला आणि लिहिलं: 'तोंडात धर. गिळू नकोस.'

उपाय नामी होता. तोंडात पाणी असलं की भॉक येत नाही. घोट भर, बटण दाब, खट्‌. घोट भर, बटण दाब, खट्‌. किटल्या काचेसारख्या स्वच्छ यायला लागल्या. बारावीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. बाराव्या किटलीला तिने सहज वर पाहिलं, तर समोर मास्तर, एक गाल फुगलेला, डोक्यावर फडक्याची गाठ. त्यांनीही पाहिलं, तर समोर ही, दोन्ही गाल फुगलेले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तोंडातलं पाणी तोंडातच राहावं म्हणून धसकीने शेवटपर्यंत प्रयत्न केला, पण ते कारंज्यासारखं उडून थेट तंबूवर गेलं.

पडदा वाळवण्यात वीस मिनिटं गेली. मास्तर तेवढा वेळ बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले, तिच्याकडे बघायचं नाही म्हणून.

चार वाजता कारखान्याच्या बाई आल्या, तेव्हा सत्ताविसावी किटली तंबूत होती आणि शेवटचा घोट धसकीच्या तोंडात होता. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मग धसकीकडे. मग पुन्हा मास्तरांकडे.

"अगंबाई," त्या हळहळल्या, "दोघांचीही दाढ?"

धसकी बेसिनकडे धावली.

फोटो बाईंना पसंत पडले. किटल्या खोक्यांत गेल्या, खोकी टेम्पोत गेली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो धसकीचा सत्तावीस भांड्यांत मिळून पडला. साडेचार व्हायला सात मिनिटं होती. तिने वही मास्तरांपुढे ठेवली.

मास्तरांनी पानं उलटली आणि पिन लावलेल्या पानापाशी थांबले. भुवया वर केल्या.

"ते फुगेताईंचं आहे. मी वाचलं नाही. वाईट असणार."

त्यांनी पिन काढली, पान उलगडलं, वाचलं आणि तिच्याकडे सरकवलं. फुगेताईंचं अक्षरही त्यांच्या आवाजासारखं होतं, मोठं आणि ओळीबाहेर सांडणारं:

'ही बाई फार घाबरते. मूल पडायच्या आधी हिला कळतं. दोनदा चुकली, एकदा खरंच पडत होतं. पण मूल हसायच्या आधीही हिला कळतं. मला ते कळायला बारा वर्षं लागली. मुलं हिच्या मागे मागे येतात. हिला जाऊ देऊ नये असं मला वाटतं, पण ती वस्तू वस्तू म्हणत असते.'

धसकीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं पुसट व्हायला लागली, म्हणून वाचायचं थांबवलं. आजवर तिचा धसका म्हणजे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. तो कुणाच्या उपयोगाचाही असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मास्तरांनी चाळीस तासांपुढे सही केली आणि खाली शेरा लिहिला: 'काम स्वच्छ. चूक स्वतः सांगितली. वस्तूंना हसवायला बघते.' मग ते त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले. टाक्यांमधून, बोबडं, पण बोलले:

"इथे जागा आहे. तिथेही आहे. खूण तू कर."

धसकीने फॉर्म पुढे ओढला, आणि उजव्या कोपऱ्यातला चौकोन तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागला.

"सर! फोटो! माझा फोटोच नाही!"

फोटोग्राफीची विद्यार्थिनी, फोटोच्या स्टुडिओत, फोटो नाही म्हणून हवालदिल. मास्तरांनी तिला दिव्यापुढे उभं केलं आणि बटण दाबलं. पहिल्यात ती कुणी वाईट बातमी सांगितल्यासारखी दिसली. दुसऱ्यात तीच बातमी आणखी सविस्तर. तिसऱ्यात डोळेच मिटलेले. घड्याळात चार पस्तीस. मास्तरांनी कॅमेरा खाली ठेवला, कॉम्प्युटरकडे गेले आणि कालची एकोणिसावी किटली उघडली. डाग मोठा केला, तेवढाच कापला, छापला, कात्रीने कडा सारख्या केल्या.

"हा? ह्यात मी किटलीच्या पोटात आहे!"

मास्तरांनी डिंक पुढे केला.

कॉलेज दोन चौक पलीकडे होतं. धसकी धावली. सिग्नल, पायऱ्या, लांब व्हरांडा, आणि खिडकीचं लाकडी झाकण निम्मं खाली आलेलं. तिने त्याखालून हात घातला.

"अहो, थांबा! दोन मिनिटं आहेत अजून!"

झाकण वर गेलं. आत क्लार्कबाई चहाचा कप उचलायच्या बेतात. त्यांनी वही तपासली, सह्या तपासल्या, फोटोपाशी आल्या आणि चष्मा वर केला.

"हा फोटो असा फुगीर का आलाय?"

"किटलीत काढलाय."

"किटलीत."

"स्टीलच्या."

"नाक केवढं दिसतंय हो तुमचं."

"किटलीत सगळ्यांचंच दिसतं."

क्लार्कबाईंनी नियमांचा कागद काढून बोट फिरवलं. "फोटो अलीकडचा असावा… चेहरा स्पष्ट दिसावा… टोपी नसावी." त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला. "अलीकडचा म्हणजे कधीचा?"

"कालचा. दुपारचा."

"चेहरा हसरा आहे, बाकी काही का असेना. इथे सगळे गुन्हेगारासारखे फोटो आणून देतात." शिक्का उचलता उचलता त्या थांबल्या. "अहो, पण शाखेपुढे खूण कुठाय? चारही चौकटी कोऱ्या!"

धसकीने पेन घेतलं. वस्तूंची चौकट सगळ्यात खाली होती, शांत, पांढरी, तंबूसारखी. तिथे कुणी पडणार नव्हतं. तिथे दोन वर्षं तिचे खांदे खाली राहिले असते. आणि सत्तावीस किटल्यांपुढे उभी राहून ती दोन वर्षं, तोंडात पाणी धरून, कुणीतरी हसायची वाट बघत राहिली असती.

धसका बसला. नेहमीचाच, ओळखीचा. त्या धसक्यासकट तिने 'मुलं' पुढे खूण केली. खूण इतकी मोठी झाली की तिची शेपटी इमारतींपर्यंत गेली.

"मुलं होय?" क्लार्कबाईंनी शिक्का मारला. "माझी दोन्ही घेऊन जा. परत आणायची घाई नाही."

बाहेर येऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. श्वास जागेवर यायच्या आतच तिने फोन लावला.

"फुगेताई? मी बोलतेय. धसकी… म्हणजे मी, ती घाबरणारी. मी शाखा घेतली. मुलांची. सोमवारपासून येऊ?"

पलीकडून आधी फुगा फुटल्याचा आवाज आला, मग पाच-सहा मुलांचा कल्ला, मग फुगेताई: "ये की! कधीची वाट बघतेय. आणि ऐक, तुझ्याकडे तो कोपऱ्यांना लावायचा स्पंज असतो ना, तो येताना भरपूर आण. स्टुलं चार आहेत."